दादाचा कान

माझ्या दादाला आमच्या गावात नावाने कुणी ओळखत नाही. 'कानवाला कुठे राहतो?' असं विचारलंत तर शेंबडं पोरही आमच्या दुकानाकडे बोट दाखवेल. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात त्याचं सायकलदुरुस्तीचं काम, पुढच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन. मी बॅगा शिवते, तंबूचं कापड शिवते, सायकलीच्या सीटची कव्हरं शिवते. मध्ये भिंत नाही, एक लांब टेबल आहे, आणि त्या टेबलावरून आमची रोज भांडणं होतात. तो मला ठिणगी म्हणतो. म्हणू दे. माझा स्वभाव तसा आहे, मी कधी नाकारलेला नाही.

गाव डोंगराच्या कुशीत आहे. वर जंगलातून, दगडधोंड्यांतून उतरणाऱ्या पायवाटा आहेत, आणि त्यांच्यावरून जाड टायरच्या, स्प्रिंगवाल्या सायकली खाली येत असतात. त्या सायकलींचं एक कायमचं दुखणं असतं, ते म्हणजे आवाज. नवीकोरी घ्या, महागातली घ्या, काही दिवसांत कुठूनतरी करकर सुरू होते. चालवणाऱ्याला वाटतं पायडलमधून येतेय, असते सीटखाली. वाटतं सीटखाली, तर असते हँडलमध्ये. डोकं उठतं माणसाचं. मग तो दादाकडे येतो.

दादाचा एक नियम होता. आवाज बंद करायचा नाही, आधी शोधायचा. एकदा शेजारचा प्लंबर आला, सायकलीवर जिथे जिथे फट दिसेल तिथे तेल ओतून. दादाचा पारा असा चढला की मी मशीन थांबवलं.

"तुझ्या पोटात दुखतंय आणि मी तुझं तोंड दाबून धरलं, तर बरं वाटेल का रे तुला?"

"मी आपलं म्हटलं, थोडं तेल..."

"थोडं? भजी तळायची होती का त्यात?"

मग त्याने ती सगळी पुसून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याची पद्धत मला तोंडपाठ आहे, इतकी वर्षं तेच बघतेय. आधी स्वतः मागच्या चढावर चालवायची, बसून. मग उभं राहून. उभं राहिल्यावर आवाज थांबला तर दोष सीटमध्ये किंवा तिच्या दांड्यात. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर पायडल, त्याचा दांडा किंवा ते दांडे ज्यावर फिरतात तो मधला कणा. जागेवर उभं राहून, पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे ढकलल्यावर येत असेल तर पुढचं काहीतरी. आणि एका वेळी एकच गोष्ट सोडायची. "दोन एकदम सोडल्या तर पकडायचं कुणाला?" असं तो म्हणायचा. सोडायची, पुसायची, ग्रीस लावायचं, परत आवळायची, परत चढावर. परत ऐकायचं, मान थोडी वाकडी करून, डोळे मिटून. शेवटी तो एक हात वर करायचा आणि म्हणायचा, "गेला."

झालं. दादा 'गेला' म्हणाला की विषय संपला. त्यानंतर कुणी ती सायकल तपासून बघत नसे. ही आमच्या घरची रीतच पडली होती म्हणा ना. पंखा असो, कपाटाचं दार असो, पाण्याचा पंप असो, दादाने हात वर केला की बाकीच्यांनी कान बंद केले. वहिनी तर म्हणायची, "ह्यांना ऐकू येत नाही ना, मग तो आवाजच नाही." तेव्हा ते हसण्यावारी जायचं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सुरुवात कधी झाली, सांगता येत नाही. दुकानाच्या दाराला एक छोटी पितळी घंटा आहे, दार उघडलं की किणकिणते. दादा पूर्वी घंटेवरून सांगायचा, कोण आलं ते. दार ढकलायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की तो मानच वर करत नाही. गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं, खोकायचं, तेव्हा हा दचकून वर बघायचा. मी म्हटलं, कामात असेल. मग तो विनोदावर उशिरा हसायला लागला. आधी आमच्या तोंडाकडे बघायचा, आम्ही हसलो की हसायचा. सायकलीवर काम करता करता तो शीळ घालायचा, तीही बंद झाली. बोललेलं त्याला कळायचं, जाड आवाज कळायचे, ट्रक गेला की कळायचं. बारीक, चिरका असा जो आवाज असतो ना, तोच तेवढा त्याच्या जगातून हळूच निघून चालला होता. आणि त्याची तर सगळी भाकरीच त्या बारीक आवाजावर.

पोस्टमनची सायकल परत आली तेव्हा मला पहिल्यांदा धाकधूक वाटली.

"कानवाले, परवा गेला म्हणालात, पण अजून करकरतेय हो."

दादाने सायकल चढावर नेली, एक फेरी मारून आला. मी माझ्या मशीनवरून स्पष्ट ऐकलं, प्रत्येक फेरीला करक्, करक्. दादाने मान वाकडी केली, डोळे मिटले, कुठलासा बोल्ट आवळला, पुन्हा फेरी मारली. करक्, करक्. आणि हात वर केला.

"गेला."

पोस्टमनने स्वतः पायडल मारून बघितलं. आवाज येत होता. तो माझ्याकडे बघेना. "हो," म्हणाला, "कमी वाटतोय खरं." आणि गेला निघून. बघा, स्वतःच्या कानाने ऐकतोय माणूस, आणि तरी मान डोलावतोय! मला त्याचा इतका राग आला की सुई तुटली माझी.

मग शाळेतले मास्तर. त्यांच्या सायकलीचा पायडलचा दांडा शाळेच्या फाटकातच निखळून पडला. चढ होता म्हणून बरं, गुडघ्यावर निभावलं. आले लंगडत, आणि म्हणाले काय? "माझंच वजन वाढलंय हल्ली." दादाही हसला. मी नाही हसले. पाववालाही तशीच करकरती सायकल घेऊन गेला.

आणि नर्सबाई. डोंगरापलीकडच्या धारेवर आरोग्य केंद्र आहे, तिथे ती काम करते. ड्युटी संपली की वळणावळणाच्या रस्त्याने भन्नाट वेगात खाली उतरते, गावात सगळ्यांना माहीत आहे. तिच्या सायकलीचा आवाज पुढून यायचा. दादाने हँडल सोडलं, बसवलं, हात वर केला. ती जरा घुटमळली. "मला अजून वाटतोय हो थोडासा."

"वारा असेल," दादा म्हणाला.

"वाराच असेल," ती हसली. दारातली घंटा किणकिणली. दादाने ती गेलेली पाठमोरी बघितली म्हणून, नाहीतर त्याला कळलंही नसतं.

त्या रात्री जेवताना मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, दादाचे कान तपासून घ्या." वहिनीने हातातला डाव खाली ठेवला. "हळू बोला," म्हणाली. मी म्हटलं, हळू कशाला, त्याला कुठे ऐकू जातंय? तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. "त्यांना दुसरं काय येतं हो?" एवढंच बोलली ती.

आता भिंगरीबद्दल सांगते. दादाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. घरात ठरत नाही, म्हणून भिंगरी. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना डोंगरातल्या वाटांवरून सायकलवर फिरवून आणायचं, हे तिचं काम. आणि वर्षातून एकदा डोंगरमाथ्यावरून खाली उताराची शर्यत असते, त्यात ती उतरते. उतरते म्हणजे काय, दगडांवरून उड्या मारत खाली येते. मी एकदा बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं. तिच्या सायकलीच्या खालच्या जाड पाइपवर दगड उडून ओरखडे पडायचे, म्हणून मीच तिला जाड कॅनव्हासचं, आत रबर घातलेलं एक कव्हर शिवून दिलं होतं. पाइपभोवती गुंडाळून सायकलीवरच शिवलं, घट्ट, दुहेरी टाक्याचं. भिंगरीला फार आवडलं ते.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ती आली आणि म्हणाली, "बाबा, करकर येतेय. उडी मारून टेकले की जास्त."

दादाचा चेहरा खुलला. लेकीची सायकल म्हणजे काय, विचारू नका. बाकीची सगळी कामं बाजूला. जुन्या चादरीवर एकेक भाग काढून मांडला. सीटचा दांडा काढला, पुसला. पायडल काढले, आपल्या सायकलीचे लावून बघितले. मधला कणा उघडला, मागचं चाक काढलं, स्प्रिंगचे बोल्ट काढून ग्रीस लावून बसवले. माझ्या कव्हरला तेवढा हात लावला नाही. "बहिणीच्या हातचं आहे, उसवायचं कशाला?" म्हणाला. त्याच्या पद्धतीत तसूभर चूक नव्हती. फक्त प्रत्येक वेळी चढावर जाऊन तो जे ऐकून येत होता, ते काहीच नव्हतं.

संध्याकाळी त्याने हात वर केला. "गेला."

भिंगरीने त्याच्या गळ्यात हात टाकले, सायकलवर टांग मारली आणि माझ्या मशीनसमोरून रस्त्यावर गेली. करक्. करक्. पोस्टमनच्या सायकलीसारखा कोरडा नव्हता तो. खोल होता, लाकूड पिळल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी भिंगरी बूट आणायला गेली होती, सायकल दुकानात उभी होती. दादा माझ्याकडे पाठ करून एक चाक सरळ करत बसला होता. मी उठले, सायकलीजवळ गेले, पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवर सगळा भार टाकून पुढेमागे हलवायला लागले. करक्. करक्. करक्. दादापासून दोन हातांवर.

"दादा, आज हवा छान आहे नाही?" मी म्हटलं.

"छान आहे," तो म्हणाला.

करक्. करक्.

"भिंगरीला शर्यतीत बक्षीस मिळेल का रे?"

"का नाही मिळणार? सायकल बघ कशी लोण्यासारखी झालीय."

मी आणखी जोरात हलवली. दुकान त्या आवाजाने भरून गेलं होतं. आणि माझा भाऊ चाकाची तार पिळत, स्वतःशी हसत बसला होता. मला त्या क्षणी त्याची दया नाही आली, खरं सांगते. भीती वाटली. लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, आणि मला त्या दुकानात उभं राहवेना.

भिंगरी आणि वहिनी आल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले. स्वभावच तसा. "दादा, तुला ऐकू येत नाही. ह्या सायकलीत काहीतरी तुटतंय. पोरीला हिच्यावर बसू देऊ नकोस."

तो आधी हसला. मग मी हसत नाही हे बघून त्याचा चेहरा लाल झाला. "दिवसभर ते मशीन खडखडवतेस, तुझेच कान गेलेत! जिथे तिथे आवाज ऐकू येतात तुला."

"हे बघ, हे!" मी सायकल हलवली. करक्. "भिंगरे, तू सांग. येतोय की नाही?"

भिंगरीने ऐकलं. तिने ऐकलं, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती बापाकडे वळली. तो तिच्याकडे असा बघत होता, की मी असते तर मीही खोटंच बोलले असते.

"आत्या, एवढा तर प्रत्येक सायकलीला येतो," ती म्हणाली. "बाबा म्हणालेत ना गेला? मग गेला."

"मरायचंय का तुला?" मी ओरडले.

वहिनीने "शुभ बोला हो" म्हणून कानांवर हात ठेवले. दादाने पाना टेबलावर आपटला आणि बाहेर निघून गेला. शर्यतीपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. भिंगरीला मात्र रोज सांगत होते, आणि ती रोज माझा गालगुच्चा घेऊन निघून जात होती.

शर्यतीच्या सकाळी ती सायकल टेंपोत टाकून माथ्यावर गेली. वहिनी खाली, जिथे शर्यत संपते तिथे जाऊन बसली. मी जायचं नाकारलं. मशीनवर बसले होते, पण हाताला शिवण लागत नव्हती. दादाने दुकान उघडलं. तोही गेला नव्हता. का गेला नाही, हे मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने बघते तर तो दारात उभा. बोटाने त्या पितळी घंटेला हळूच टिचकी मारत होता. एकदा मारली. थांबला. कान अगदी जवळ नेला, परत मारली.

"ठिणगे," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "ही वाजतेय का?"

"वाजतेय."

त्याने परत टिचकी मारली. "आत्ता?"

"आत्ताही, दादा."

तो तसाच उभा राहिला. माझं भांडण तिथल्या तिथे विरघळलं. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पोरीला फोन लाव," म्हणाला.

फोन वहिनीने उचलला. भिंगरीचा फोन वहिनीच्याच पिशवीत होता. मी घाईघाईने सांगितलं, कुणालातरी सांगा, तिला थांबवायला सांगा. वहिनी गोंधळली. "अहो, पण ह्यांनीच गेला म्हटलंय ना?" तिकडे माणसांचा गलका होता, कर्णा वाजत होता, आणि माझी वहिनी तेच तेच म्हणत होती, ह्यांनीच म्हटलंय ना, ह्यांनीच. मी फोन ठेवून दिला. दादाने लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, मी गळ्यात कात्री तशीच अडकवून निघाले, आणि प्लंबरची गाडी दारात होती ती त्याला न विचारताच आम्ही भरून टाकली. बिचारा पाइप टाकून पळत आला आणि चालवायला बसला.

त्या रस्त्याला किती वळणं आहेत ते मला त्या दिवशी कळलं. झाडांमधून मध्येच शर्यतीची वाट दिसायची आणि त्यावरून कुणीतरी सुसाट खाली जाताना दिसायचं. आमचीच असेल का? लाल टोपी होती का? दादा खिडकीबाहेर बघत होता आणि पुटपुटत होता, "नसेल. नसेल ती."

ती नव्हती. माथ्यावर पोचलो तेव्हा ती रांगेत उभी होती. पुढे दोघंच उरले होते. आम्हाला बघून तिने हात हलवला, तिला वाटलं आम्ही कौतुकाने आलोय.

"उतर खाली," दादा म्हणाला.

"बाबा, नंबर येतोय माझा!"

"भिंगरे, मला ऐकू येत नाही गं." तो मोठ्याने बोलला, सगळ्यांसमोर. "बरेच दिवस झाले. मला काही ऐकू येत नाही."

भिंगरी हसायला गेली आणि तिचं हसू अर्ध्यात राहिलं. उतरली ती. शिट्टीवाला मनुष्य ओरडत होता, लवकर करा म्हणून. त्याच्याकडे कोण बघतंय.

दादा सायकलीशेजारी गुडघ्यांवर बसला. स्क्रू ड्रायव्हरचं पातं त्याने फ्रेमवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. घट्ट. हाताने भिंगरीला खूण केली, ब्रेक दाब, हँडल ढकल. मला कळेना हा काय करतोय. मग कळलं. कानाने येत नाही ते तो दातांनी ऐकत होता. ती ढकलत होती, तो पातं सरकवत होता. सीटखाली. नाही. मधल्या कण्याशी. नाही. खालच्या पाइपवरून वर, वर, हँडलच्या दिशेने. माझ्या कव्हरच्या कडेला पातं टेकलं आणि त्याचे डोळे एकदम उघडले.

"इथे," तो म्हणाला. "काप."

मी कात्री घातली. दुहेरी टाका माझाच, सुटता सुटेना, शेवटी कॅनव्हासच फाडला. खाली पाइपवर, जिथे तो हँडलखालच्या आखूड पाइपला जोडलेला असतो तिथे, एक काळी रेघ होती. केसाएवढी. मी बोटाने पुसली, पुसली गेली नाही. भिंगरीने हँडल ढकललं, तर ती रेघ उघडली. सोडलं, तर मिटली. अर्ध्याहून जास्त पाइप वेढून ती मागे गेली होती.

शिट्टीवाल्याने नंबर पुकारला. भिंगरीचा. कुणी हललं नाही. तो जवळ आला, वाकून बघितलं, आणि शिट्टी तोंडातून काढून बाजूला झाला.

भिंगरी मटकन खाली बसली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला कवटाळलं, मग परत एक धपाटा घातला. "बाबा म्हणालेत! बाबा म्हणालेत! तुला कान दिलेत ना देवाने?" मला रडूही येत होतं आणि हसूही. पोर वाचली होती. मला वाटलं, संपलं. सुटलो आपण.

दादा सुटला नव्हता. तो एका दगडावर बसला होता, स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच. मी जवळ गेले. त्याचे ओठ हलत होते. "पोस्टमन," तो म्हणत होता. "मास्तर. तो पाववाला. पोस्टमन, मधल्या कण्यात होता बहुतेक. मास्तरांचा दुसरा दांडा..." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या दिवसांत ज्या ज्या सायकलीवर त्याने हात वर केला होता, त्या सगळ्या ह्या क्षणी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर होत्या. आणि त्यांच्यावरची माणसं आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, कारण कानवाला गेला म्हणाला होता.

"फोन दे," तो म्हणाला.

पोस्टमन घरी होता. दादाने मोठ्याने सांगितलं, "सायकल दुकानात आणा. चालवत आणू नका, हातात धरून आणा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "कारण मला ऐकू येत नव्हतं म्हणून," दादा म्हणाला. पुन्हा सांगावं लागलं, तर पुन्हा म्हणाला. मास्तरांना तेच. पाववाल्याला तेच. दरवेळी ते वाक्य त्याने पूर्ण उच्चारलं, गाळलं नाही. माझ्याच्याने ऐकवत नव्हतं, पण मी उभी राहिले.

मग तो थांबला. समोरच्या डोंगराच्या धारेवर आरोग्य केंद्राची पांढरी भिंत उन्हात दिसत होती, आणि तिथून निघालेला वळणावळणाचा रस्ता.

"तिचा आवाज पुढून यायचा," तो म्हणाला. "ती म्हणाली होती मला. वाटतोय अजून, म्हणाली होती."

मी घड्याळ बघितलं. ड्युटी सुटायची वेळ होऊन गेली होती. दादाने नंबर लावला, फोन कानाशी धरला. बराच वेळ धरला. भिंगरी उठून आमच्याजवळ येऊन उभी राहिली. रस्त्यावर काही हलतंय का ते मी बघत होते, पण एवढ्या लांबून काय दिसणार?

दादाने फोन माझ्या हातात दिला.

"तू ऐक गं," तो म्हणाला. "उचलला तर सांग मला."

मी फोन कानाला लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत होती.